हाक एकेरी की दुहेरी

जकार्तात रस्त्यावर कुणाला पत्ता विचारायचा तर पत्त्याचं वाक्य सोपं असतं. अडतं ते त्याच्या आधी: समोरच्याला म्हणायचं काय? इंडोनेशियन भाषेत 'तू'साठी 'कामू' आहे, 'एंकाउ' आहे, त्याचंच आखूड रूप 'काउ' आहे. अनोळखी प्रौढ माणसाला यातलं एकही चालत नाही. 'आंदा' हा सभ्य शब्द आहे, पण तो समोरासमोर फारसा कुणी उच्चारत नाही. मग लोक एका नजरेत वयाचा अंदाज घेतात आणि नातं जोडून मोकळे होतात. पुरुष असेल तर 'बापाक', म्हणजे वडील. रोजच्या बोलण्यात नुसतं 'पाक'. बाई असेल तर 'इबू', म्हणजे आई, बोलताना 'बू'. तरुण असेल तर जावा बेटावरच्या जावानीज भाषेतून आलेलं 'मास', म्हणजे दादा, किंवा 'म्बाक', म्हणजे ताई. हेच शब्द सर्वनामाचंही काम करतात. 'बापाक माउ के माना?' याचा शब्दशः अर्थ 'वडील कुठे निघाले?' आणि हा प्रश्न समोर उभ्या असलेल्या, नात्यागोत्याच्या नसलेल्या माणसालाच केलेला असतो. आपल्याकडे जुन्या घरांत सुना सासऱ्यांना 'मामंजींना चहा ठेवू का?' असं त्यांच्या तोंडावरच विचारत, त्याच धाटणीची ही रचना.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे. हे सगळं सरंजामी आहे. लोकशाही देशात सगळ्यांना एकच सरसकट 'तुम्ही' का असू नये? आक्षेप घेणारे काही बाहेरचे नाहीत. गेली शंभराहून अधिक वर्षं खुद्द तिथलेच लोक यावर भांडत आले आहेत. त्यासाठी चळवळी निघाल्या, वर्तमानपत्रांतून नवे शब्द सुचवले गेले, देशाच्या सर्वोच्च सभागृहाने ठराव केला. कुणाला काय म्हणून हाक मारायची, हा प्रश्न इतक्या गांभीर्याने घेणारा समाज विरळा. त्यामुळे तिथल्या अनुभवावरून थोडं ठामपणे बोलता येतं. माझं म्हणणं असं की आदराचे शब्द काढून टाकल्याने समता येत नाही आणि ठेवल्याने ती अडतही नाही. बघायचं ते एवढंच, की ज्या दर्जाची हाक खालून वर जाते, त्याच दर्जाची वरून खाली येते का.

आधी भाषेची एक सोय सांगायला हवी. मलय क्रियापदाला पुरुष, वचन, लिंग काही लागत नाही, आणि इंडोनेशियन ही मलयचीच घडवलेली राष्ट्रीय आवृत्ती असल्याने तिथेही तेच. 'सुदाह माकान?' म्हणजे 'जेवण झालं?' मित्राला विचारा, नाहीतर मंत्र्याला. मराठीत आपण सर्वनाम गाळलं तरी क्रियापद चहाडी करतं. 'जेवलास' आणि 'जेवलात' यांतून सुटका नाही. मलय बोलणाऱ्याला ती सुटका फुकट मिळालेली आहे. नातं, वय, हुद्दा यांतलं काहीही न सांगता तो वाक्य पुरं करू शकतो. तरीही तो 'सुदाह माकान, पाक?' असंच म्हणतो. म्हणजे व्याकरण त्याच्यावर जबरदस्ती करत नाही. आदर तो आपणहून जोडतो. ज्यांना ही नुसती जुनी बेडी वाटते त्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

बेडी होती, यात शंका नाही. ती मलय भाषेत नव्हती, जावानीज भाषेत होती. जावानीजमध्ये एकाच क्रियेला माणूस पाहून वेगळा शब्द लागतो. साध्या, एकेरी बोलीला न्गोको म्हणतात, अदबीच्या भाषेला क्रामा, आणि त्याहून वरचे खास आदराचे शब्द म्हणजे क्रामा इंगिल. जेवणं हे न्गोकोत 'मांगान', क्रामात 'नेधा', आणि थोर माणूस जेवत असेल तर 'धाहार'. घर हे 'ओमाह', 'ग्रिया' आणि 'दालेम'. 'तू' हा 'कोवे', 'साम्पेयान' आणि 'पान्जेनेंगान'. आपलं 'तू, तुम्ही, आपण' यापुढे लुटुपुटीचं वाटावं. आणि मुख्य म्हणजे धाकट्याने क्रामात बोलायचं आणि थोरल्याने न्गोकोत उत्तर द्यायचं. एकाच संभाषणात दोन भाषा, एक वर जाणारी, एक खाली येणारी.

ही शिस्त घरात कशी उतरते ते कार्तिनीने लिहून ठेवलं आहे. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या जेपारा इथल्या रीजंटची, म्हणजे डच राजवटीतल्या स्थानिक सरदार अधिकाऱ्याची, ही मुलगी. १८९९ मध्ये ती स्टेला झेहांडेलार या डच मैत्रिणीला पत्रातून आपल्या घरातले रिवाज कळवते. धाकट्या बहिणीला थोरलीसमोरून जायचं तर जमिनीवरून सरपटत जायचं. धाकटी खुर्चीवर बसली असेल आणि थोरली आली, तर लगेच खाली उतरून जमिनीवर बसायचं, मान खाली घालून. बोलायचं ते उच्च जावानीजमध्ये, आणि प्रत्येक वाक्य संपलं की दोन्ही हात जोडून अंगठे नाकाखाली टेकवून नमस्कार करायचा. कार्तिनीने आपल्या धाकट्या बहिणींपुरती ही सगळी पद्धत मोडून टाकली. त्याच मैत्रिणीला तिने हेही कळवलं होतं की मला नुसतं कार्तिनी म्हण. रीजंटची मुलगी म्हणून तिच्या नावामागे बिरुदं होतीच. पण त्यातली गोम अशी की बहिणींच्या बाबतीत पहिलं पाऊल थोरलीने उचललं होतं. धाकटीने उचललं असतं तर तो उद्धटपणा ठरला असता.

डच राज्यकर्त्यांनी ही उतरंड मोडली नाही, ते तिच्या डोक्यावर जाऊन बसले. गोऱ्या अधिकाऱ्याला 'तुआन', म्हणजे साहेब, म्हणायचं, त्याच्यासमोर उकिडवं बसायचं, आणि त्याने मात्र स्थानिक माणसाशी एकेरीत बोलायचं. १९१३ मध्ये सरकारनेच परिपत्रक काढून युरोपीय अधिकाऱ्यांना असा मानमरातब वसूल करू नका असं बजावलं, यावरून तो किती बोकाळला होता ते दिसतं.

याच वातावरणात १९१७ साली सुराबाया शहरात 'जावा दीपा' ही चळवळ उभी राहिली. मागणी सरळ होती: क्रामा बंद करा, सगळ्यांनी सगळ्यांशी न्गोकोत बोला. नावांच्या आधीच्या सरदारी बिरुदांऐवजी पुरुषाला 'विरो' आणि स्त्रीला 'वोरो' लावा. सारेकात इस्लाम या तेव्हाच्या मोठ्या संघटनेच्या सभांमध्ये तिला पाठिंबाही मिळाला. कागदावर यापेक्षा न्याय्य कल्पना शोधून सापडणार नाही. तरी ती फसली, आणि माझ्या मते फसायचीच होती. सगळ्यांना एका पायरीवर आणायचं तर ती पायरी कोणती, हा प्रश्न आहे. जावा दीपाने खालची निवडली. मग कारकुनाने साहेबाला पहिल्यांदा 'कोवे' म्हणायचं, आणि नोकरी गेली तर ती कारकुनाची. साहेबाला काहीच करायचं नव्हतं. तो आधीपासून न्गोकोतच बोलत होता. ज्याला गमावणं सर्वांत कमी परवडतं त्यानेच धोका पत्करावा, अशी ही सुधारणा होती.

बालीमधली गोष्ट मराठी वाचकाला जास्त ओळखीची वाटेल. तिथे भाषेच्या पायऱ्या थेट जातीला जोडलेल्या. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य हे वरचे तीन, आणि बाकी बहुसंख्य लोक 'जाबा', म्हणजे बाहेरचे. दोन अनोळखी माणसं भेटली की कोणत्या पायरीने बोलायचं हे ठरवायला आधी जात कळली पाहिजे. त्यासाठी रीतसर सभ्य प्रश्न आहे: तुमचं 'लिंग्गिह', म्हणजे आसन, कुठलं? तुम्ही बसायचे कुठे, उंचावर की खाली. पहिल्या भेटीत 'आडनाव काय आपलं?' असं अगदी गोड आवाजात विचारणारे आपल्याला काही नवे नाहीत. १९२५ साली सिंगाराजा इथे 'सूर्य कांता' नावाने जाबा मंडळींचं मासिक निघालं. जन्मापेक्षा शिक्षण आणि आचरण मोठं, असं ते मांडत होतं, आणि ते निघायचं मलय भाषेत. ही निवड बोलकी आहे. मलयमध्ये लेख लिहिताना वाचकाची जात विचारावी लागत नव्हती.

मलय ही बंदरांची, बाजारांची भाषा. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेने एक देश, एक राष्ट्र आणि ऐक्याची भाषा म्हणून 'बहासा इंडोनेशिया' यांची शपथ घेतली, तेव्हा देशात जावानीज लोकांची संख्या जवळपास निम्मी होती. १९३० च्या शिरगणतीत ती ४७ टक्के भरली. तरी त्यांची भाषा राष्ट्रभाषा झाली नाही, आणि त्यासाठी ते रस्त्यावरही उतरले नाहीत. आपल्या उपखंडातल्या भाषावादांकडे पाहता हे अजबच म्हणायचं. मलयचा प्रसार हे कारण होतंच, पण जावानीज शिकलेल्या तरुणांनाही या भाषेत सुटल्यासारखं वाटत होतं, हे दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. जावा दीपाला जे घरातली भाषा वाकवून जमलं नाही, ते शेजारची भाषा घेऊन निम्मं तरी साधलं.

स्वातंत्र्याच्या लढ्यात या भाषेला आपली हाक सापडली: 'बुंग'. भाऊ, पण घरातला नव्हे, मोर्चातला. सुकार्नो 'बुंग कार्नो' झाले, हत्ता 'बुंग हत्ता', सुराबायाच्या लढाईत रेडिओवरून गर्जणारा सुतोमो 'बुंग तोमो'. १९४५ चं एक भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. साखळ्या तोडणारा माणूस (चित्रकार आफांदी), आणि खाली दोन-तीन शब्द: 'बुंग, आयो बुंग!' भाऊ, चल भाऊ. शब्द कवी खैरिल अनवरने सुचवले. जकार्तात वेश्या गिऱ्हाइकांना ज्या शब्दांत हाका मारायच्या तेच त्याने उचलले, अशी आठवण सांगितली जाते. खरी असेल तर फारच छान, कारण क्रांतीची हाक राजवाड्यातून आली नाही, गल्लीतून आली. बायकांना 'बुंग' लागू नव्हतं. त्यांच्यासाठी डच भाषेतलं 'झुस', म्हणजे बहीण, वापरलं जाई. राष्ट्राध्यक्षाला भाऊ म्हणणारा देश, ही त्या काळची मिरवायची गोष्ट होती. पण क्रांती संपली की मोर्चातल्या भावाचं रोज काय करायचं, हा प्रश्न उरतोच. बँकेच्या खिडकीत कुणी कुणाला 'बुंग' म्हणेना.

त्यावर उतारा म्हणून 'आंदा' आला. साबीरिन नावाच्या हवाई दलातल्या अधिकाऱ्याने तो सुचवला आणि २८ फेब्रुवारी १९५७ रोजी रोसिहान अनवर यांच्या 'पेदोमान' या वर्तमानपत्रातून तो लोकांपुढे ठेवला गेला. वय, लिंग, हुद्दा काही न सांगणारं सर्वनाम. रोमन लिपीत तो कायम मोठ्या अक्षराने लिहायचा, हाही नियम. सुशिक्षितांनी उचलून धरला, शाळांतून शिकवला, आणि आज सत्तरएक वर्षांनी तो सगळीकडे आहे: एटीएमच्या पडद्यावर, विमा कंपनीच्या पत्रात, शांपूच्या जाहिरातीत, परीक्षेच्या सूचनेत. जिथे बोलणाऱ्याला समोरचा दिसत नाही तिथे 'आंदा' चालतो. समोरासमोर म्हातारीला 'आंदा' म्हणा, तिला वाटेल आपल्याला फॉर्म भरायला बसवलं आहे. विद्यार्थी प्राध्यापकाला म्हणत नाही, सून सासूला म्हणत नाही. सगळ्यांना सारखं म्हणायचं म्हणून काढलेला शब्द कुणालाच म्हणावासा वाटू नये, यात त्या शब्दाचा दोष नाही. बोलणाऱ्याला समोरच्याशी काहीतरी संबंध आहे असं सांगायचं असतं, आणि 'आंदा' नेमकं तेवढंच गाळतो.

निर्विकार सर्वनाम हवंच असेल तर लोक ते ठरावातून घेत नाहीत, शेजाऱ्याकडून उचलतात. जकार्तातली पोरं एकमेकांना 'गुए' आणि 'लू' म्हणतात, मी आणि तू; दोन्ही चिनी व्यापाऱ्यांच्या होक्किएन बोलीतून आलेले. क्वालालंपूरमध्ये शिकलेली मलय मंडळी मलय बोलता बोलता मध्येच 'आय' आणि 'यू' घालतात. परक्या शब्दाला आपली उतरंड माहीत नसते, म्हणून तो हलका वाटतो. मात्र ही सोय मित्रांपुरती. 'लू' बापाला म्हणून बघा.

आता या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत उद्बोधक वाटणारा भाग. सुकार्नोंच्या शेवटच्या काळात 'बुंग' मागे पडून सरकारी कागदांत 'पादुका यांग मुलिया' शिरलं होतं. पादुका म्हणजे आपल्याच पादुका, आणि 'यांग मुलिया' म्हणजे महामहिम. १९६६ मध्ये एमपीआरएस या सर्वोच्च सभागृहाने ३१ व्या क्रमांकाचा ठराव करून ही बिरुदं रद्द केली. त्याऐवजी म्हणायचं ते 'बापाक', 'इबू' किंवा 'साउदारा', 'साउदारी'. हे शेवटचे दोन शब्द मराठी माणसाला सोदर आठवला की कळतात. म्हणजे 'बापाक' हा अधिकृतपणे आला तो समतेचा शब्द म्हणून, महामहिमांना जमिनीवर आणायला. (न्यायालयांत मात्र न्यायाधीशांना आजही 'यांग मुलिया'च म्हणतात. वकिली पेशाला ठराव लागू पडत नसावेत. आपल्याकडचं 'मिलॉर्ड' तरी कुठे गेलं?)

आणि याच 'बापाक'वर सुहार्तोंनी बत्तीस वर्षं राज्य केलं. 'बुंग कार्नो'नंतर 'पाक हार्तो'. भावाच्या जागी बाप आला. देश हे कुटुंब, राष्ट्राध्यक्ष बाप, आणि बापाला मुलं प्रश्न विचारत नसतात. १९८३ मध्ये सभागृहाने त्यांना 'बापाक पेम्बांगुनान', विकासाचा पिता, अशी पदवीच देऊन टाकली. कचेऱ्यांतल्या हांजी हांजीला लोकांनी तीन रोमन अक्षरांचं नाव ठेवलं होतं: 'आबेएस', 'आसाल बापाक सनांग', साहेब खूश तर सगळं ठीक. शब्द तोच, १९६६ मध्ये महामहिमांना खाली ओढणारा आणि १९८३ मध्ये एका माणसाला आभाळात नेऊन ठेवणारा. म्हणून शब्दाच्या अंगात समता किंवा गुलामी असते, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग फरक कशात? बस चालवणाऱ्याला इंडोनेशियात प्रवासी 'पाक सोपिर' म्हणतात, पोलिसाला 'पाक पोलिसी', मोहल्ल्याच्या प्रमुखाला 'पाक एरते', शेतकऱ्याचं नाव निघालं तर 'पाक तानी'. चालकही प्रवाशाला 'पाक' म्हणतो. कुलगुरूही सुरक्षारक्षकाला 'पाक' म्हणतात आणि तोही त्यांना 'पाक' म्हणतो. ही दुहेरी हाक आहे आणि तिच्यात कुणी खाली उतरलेलं नाही. दोघेही एकेक पायरी वर चढले आहेत. जावा दीपाने सगळ्यांना न्गोकोपर्यंत खाली आणायचं ठरवलं होतं, बाजाराने सगळ्यांना 'पाक' करून टाकलं. सुहार्तोंच्या 'बापाक'मध्ये परतीची वाट नव्हती. ते कुणाला 'पाक' म्हणत असतीलही, पण त्या माणसाला 'विकासाचा पिता' कुणी म्हणणार नव्हतं.

ही दुहेरी वाट जुन्या जावालाही ठाऊक होती, हे विशेष. योग्यकर्त्याच्या राजवाड्यात 'बागोंगान' नावाची वेगळी बोली आहे. दरबारी मंडळींनी आपसात बोलताना हुद्दा न बघता तीच वापरायची. स्वतःला 'मानिरा', समोरच्याला 'पाकेनिरा'. राजपुत्रही तेच बोलणार आणि साधा सेवकही तेच. जगातली सर्वांत गुंतागुंतीची अदब जिथे जोपासली गेली त्याच भिंतींच्या आत दोघांना एकाच मापाने मोजणारी भाषा चालत होती. ती राजवाड्याबाहेर आली नाही, ही गोष्ट वेगळी.

दुहेरी म्हणजे शब्द तोच, एवढ्याने भागत नाही, हेही कबूल. जकार्तातल्या मध्यमवर्गीय घरात कामवालीला 'म्बाक' म्हणतात, इतकं की 'आमची म्बाक' म्हणजे मोलकरीण असाच अर्थ होतो. ती ताई, पण ताईने परत म्हणायचं ते 'बू' किंवा 'पाक'. आपल्याकडे 'मावशी' म्हणून हाक मारायची आणि तिने 'वहिनी' म्हणायचं, वर तिचा चहाचा कप वेगळा. नातं लावलं म्हणजे माणुसकी झाली, या समजात राहणाऱ्यांनी परत काय येतं ते ऐकावं. उलट उदाहरणही आहे. २०१९ मध्ये नदीम मकारिम पस्तिसाव्या वर्षी शिक्षणमंत्री झाले तेव्हा लोक त्यांना 'पाक मन्त्री' न म्हणता 'मास मन्त्री' म्हणू लागले. मंत्रीदादा! वर्तमानपत्रांतही तेच छापलं जाई. मंत्रिपदाला वडीलपणा लागतो ही समजूत त्या एका हाकेने जरा सैल झाली.

मलेशियात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. रोजच्या जगण्यात तिथेही नातीच आहेत: 'पाकचिक', 'माकचिक', 'आबांग', 'काक', म्हणजे काका, काकू, दादा, ताई. पण त्यांच्यावर पदव्यांचा मजला चढवलेला आहे. तेरा राज्यांपैकी नऊ राज्यांत वंशपरंपरागत राजे, चार राज्यांत राज्यपाल, वर देशाचा राजा, आणि सगळ्यांना पदव्या देण्याचा अधिकार. 'दातुक', त्यावर 'तान श्री', त्यावर 'तुन'. संसदेत सदस्याला 'यांग बरहोरमात', आदरणीय, आणि पुढे मतदारसंघाचं नाव. २००८ मध्ये मलाक्का राज्याने आपल्या शाहरुख खानला 'दातुक' केलं तेव्हा तिथेच कुजबूज झाली की आपल्या कलावंतांचं काय. पदव्यांचा इतका सुळसुळाट झाला की बनावट पदव्यांविरुद्ध २०१७ मध्ये कायदा करावा लागला. 'दातुक' हाकेला परतीचा रस्ता नाही. दातुक माणूस टपरीवाल्याला 'दातुक' म्हणू शकत नाही, म्हटलं तर तो विनोद होतो. विरोधी बाकांवर वाढलेल्या डीएपी पक्षाने सत्तेच्या पदावर असताना पदवी घ्यायची नाही असा दंडक पाळला, तो मला शहाणपणाचा वाटतो. त्यांचे ज्येष्ठ नेते लिम किट सियांग यांनी 'तान श्री' स्वीकारली ती २०२३ मध्ये, सक्रिय राजकारण संपल्यावर.

त्याच मलेशियात मामाक लोकांच्या, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या, चहाच्या दुकानांत गिऱ्हाईक वेटरला 'बॉस' म्हणतं आणि वेटर गिऱ्हाइकाला 'बॉस' म्हणतो. याहून दुहेरी हाक कुठली? तीही राजकारण्याने सोडली नाही. २०१८ मध्ये सत्ता गेल्यावर, भ्रष्टाचाराचे खटले सुरू असताना, माजी पंतप्रधान नजीब रझाक यांनी 'मालू आपा, बॉसकू', म्हणजे 'लाज कसली, बॉस', असा नारा लावून स्वतःला मोटारसायकलवाल्या पोरांचा 'बॉसकू' करून घेतलं. खाली उतरून मैत्री जोडायची ही युक्ती कुठल्याच भाषेत नवी नाही.

नात्याच्या हाकांवरचा एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, आणि तो बायकांचा आहे. पुरुष 'मास'चा 'पाक' होतो तो वयाने किंवा हुद्द्याने. बाई 'म्बाक'ची 'बू' होते तेव्हा ऐकणारा तिचं लग्न, मुलंबाळं यांचा हिशोब करत असतो. सुहार्तो राजवटीत १९७४ मध्ये सरकारी नोकरांच्या बायकांची 'धर्म वनिता' ही संघटना झाली. तिच्यात बाईचा दर्जा नवऱ्याच्या हुद्द्यावरून ठरे. 'इबू चामात' म्हणजे तालुक्याच्या अधिकाऱ्याची बायको; बाई स्वतः अधिकारी असेल तर तिच्या नवऱ्याला 'पाक चामात' कुणी म्हणत नाही. मलेशियात दातुकाच्या बायकोला आपोआप 'दातिन' मिळतं, पण एखादी बाई स्वकर्तृत्वाने दातुक झाली तर नवऱ्याला काही नाही. लग्नपत्रिकेतल्या 'सौ.' आणि 'कु.' वर वाद घालणाऱ्या आपल्या बायकांना हे निराळं समजवायला नको. वडील-आईच्या मापात माणूस मोजायचा तर आई न झालेलीला जागा कुठली, याचं उत्तर 'बू'मध्ये नाही.

या बाबतीत थोडी हालचाल दिसते ती पुन्हा बाजारातच. इंडोनेशियात 'काकाक' हा थोरल्या भावालाही चालतो आणि बहिणीलाही. ऑनलाइन दुकानदार, कॉफीच्या काउंटरवरची मुलं, तिकिटांच्या हेल्पलाइनवरचे आवाज, सगळे समोरच्याला 'काक' म्हणू लागले आहेत. गिऱ्हाईक बाई आहे की पुरुष, लग्न झालंय की नाही, वीस वर्षांचं की पन्नास, काही विचारायचं नाही. गिऱ्हाईकही परत 'काक, माप छोटं आलंय, बदलून द्या' असंच लिहितं. याच्यामागे समतेचा विचार नाही, माल खपवायचा आहे, आणि पन्नाशीतल्या बाईला 'बू' म्हटलं तर ती दुसऱ्या दुकानात जाईल ही भीती आहे. 'काक'ने 'आंदा'चं राहिलेलं काम जवळपास करून टाकलं आहे. सासूबाईंना सून 'काक' म्हणणार नाही, आणि न्यायालयात तर मुळीच नाही. तेवढ्या जागा 'बू'च्या आणि 'यांग मुलिया'च्या ताब्यात अजून बरीच वर्षं राहतील.